अंतर जास्त, तरी वेळ कमी: लांबच्या विमानप्रवासाचा हिशेब

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या विनाथांबा उड्डाणाचा रस्ता बदलला. तोवर हे विमान दिल्लीहून पश्चिमेकडे निघायचं. युरोप, मग अटलांटिक महासागर, मग अख्खी उत्तर अमेरिका ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर. हा प्रवास सुमारे १३,९०० किलोमीटरचा. नवा रस्ता बरोबर उलट्या दिशेने, पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून. तो सुमारे १५,३०० किलोमीटरचा. म्हणजे सरळसरळ चौदाशे किलोमीटरचा वळसा. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर.

रस्त्यावरची गर्दी टाळायला बायपास धरला आणि लवकर पोचलो, हे आपल्याला कळतं. पण आकाशात कसली आलीय गर्दी?

आता तिसरा आकडा बघा. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून मोजलं तर अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. म्हणजे शहरं तीच दोन, अंतरं तीन. इंटरनेटवर ‘अमुक ते तमुक अंतर किती, विमानाला वेळ किती’ असं विचारलं की साधारणपणे हा दोऱ्याचा आकडा मिळतो आणि त्याला ताशी आठशे-नऊशे किलोमीटरने भागून आलेले तास. जवळच्या शहरांना हे उत्तर चालून जातं. लांबच्या शहरांना ते तासा-दोन तासांनी, कधी त्याहूनही जास्त चुकतं. का चुकतं, ते एकेक करून पाहू.

चेंडू आणि दोरा

घरात एखादा चेंडू असेल तर घ्या. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात, सारख्याच उंचीवर, पण एकमेकांच्या जवळपास विरुद्ध बाजूंना पेनाने दोन ठिपके काढा. आता एका ठिपक्यावर दोऱ्याचं टोक अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या ठिपक्यापर्यंत दोरा ताणा. आडवा नेऊन बघा: तो तिथे ठरतच नाही. जरा ताण दिला की वर सरकतो आणि चेंडूच्या डोक्याजवळून जाऊन बसतो. सगळ्यात कमी दोरा तिथेच लागतो.

बीजिंग आणि न्यूयॉर्क ही अगदी अशीच जोडी आहे. दोन्ही शहरं ४० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास. नकाशावर एकाच्या समोर दुसरं. त्या अक्षवृत्तावरून नाकासमोर गेलं तर सुमारे १४,४०० किलोमीटर पडतात. उत्तर ध्रुवाच्या अंगाने गेलं तर सुमारे ११,०००. साडेतीन-चार तासांचा फरक, तोही केवळ दोरा वर सरकल्यामुळे.

या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. चेंडूचे बरोबर दोन अर्धे करणारं कोणतंही वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता अशाच एखाद्या वर्तुळाचा तुकडा असतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून जगातली कोणतीही दोन शहरं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून फारशी लांब असूच शकत नाहीत.

मग सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान असं धनुष्यासारखं वाकून का जातं? कारण वाकडा असतो तो नकाशा. एखादा फुटका रबरी चेंडू मधोमध कापून टेबलावर सपाट करायचा प्रयत्न करा. कडा ओढल्याशिवाय तो बसणारच नाही. सपाट नकाशा करताना पृथ्वीलाही असंच ओढावं लागतं. आपल्या डोळ्यांना सवयीचा झालेला नकाशा गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये काढला तो जहाजांसाठी: होकायंत्राची दिशा न बदलता जाणारी वाट नकाशावर सरळ दिसावी म्हणून. त्याचं ते काम चोख झालं. किंमत अशी की ध्रुवांकडचा भाग ओढून प्रचंड झाला. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अशा नकाशावर जवळचा रस्ता लांबचा वाटला तर नवल नाही.

मग विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही?

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणला की तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो. हिमालय, तिबेटचा पश्चिम भाग, शिनजियांग, सायबेरिया. आर्क्टिकमध्ये ७५ अंश उत्तरेच्याही थोडा वर जातो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. सुंदर रस्ता. पण त्यावर अडथळेच अडथळे.

पहिला अडथळा तिबेटचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला झपाट्याने साधारण तीन किलोमीटर, म्हणजे १०,००० फुटांवर उतरावं लागतं. तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. डोक्यावरून खाली पडणाऱ्या पिवळ्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पाव तासाच्या बेताचा असतो, तो एवढ्याचसाठी. आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर. उतरणार कुठे? पठारावरून जाणारे काही मार्ग आहेत, पण त्यांसाठी निसटायच्या वाटा आधीच आखून, जास्तीचा ऑक्सिजन घेऊन जावं लागतं. बहुतेक कंपन्या त्या भानगडीत न पडता वळसा घालतात.

दुसरा अडथळा इंजिनांचा होता. तो आता बराच ओसरलाय. दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर जवळचा विमानतळ गाठता आला पाहिजे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती, त्यामुळे महासागर ओलांडायचे ते तीन-चार इंजिनवाल्यांनी. १९८५ मध्ये ती १२० मिनिटं झाली, मग १८०. आज एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंत मान्यता मिळालेली आहे.

तिसरा अडथळा माणसांनी घातलेला, आणि बातम्यांत असतो तो हाच. प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्या देशाच्या मालकीचं. त्याने नाही म्हटलं की विषय संपला. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद असल्यामुळे युरोपातून टोकियोला जाणारी कितीतरी विमानं अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी थांबत. पुढे सायबेरियावरून वाट मिळाली आणि हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फिनलंडच्या फिनएअरने आपला सगळा आशियाचा धंदाच त्या वाटेवर उभा केला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास सुमारे १३ तासांवर गेला. विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. कंपनी प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र देऊ लागली, दुसरं काय करणार!

आपल्याकडेही हेच. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेर ते जुलै आपलं आकाश बंद ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. लगेच दिल्लीहून पश्चिमेला जाणारी उड्डाणं लांबली आणि उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना मध्येच युरोपात उतरून इंधन भरावं लागलं. शहरं जागच्या जागी, दोराही तेवढाच. रस्ता मात्र लांब.

हवेची नदी

एवढं झालं तरी सुरुवातीचं कोडं सुटत नाही. वळसा का घालावा लागतो ते कळलं. वळसा घालून लवकर कसं पोचतात?

विमानतळावर चालत्या माणसांसाठी सरकता पट्टा असतो. आपण नेहमीच्याच चालीने त्यावर चालतो, पण शेजारून फरशीवर चालणारे मागे पडत जातात. आपल्या पायांचा वेग वाढलेला नसतो; खालचा पट्टाच पुढे जात असतो. कोणी खोडसाळपणे उलट्या दिशेने त्यावर चढलं तर पाय तेवढेच झिजवून निम्मंच अंतर कापेल. विमानाचा पट्टा म्हणजे हवा.

आणि हा पट्टा काही ठिकाणी फार जोरात सरकतो. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमक्या विमानांच्याच उंचीला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद झोत असतात. काहीशे किलोमीटर रुंद, दोन-चार किलोमीटर जाड, नागमोडी. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग एरवी ताशी शंभर-दोनशे किलोमीटर. हिवाळ्यात कधीकधी तीनशेच्याही पुढे.

यांचा शोध जरा करुण आहे. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला, आकडे नीट मांडले आणि साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेत लिहिला. साऱ्या जगाने तो वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणारी अमेरिकन बॉम्बफेकी विमानं पश्चिमेकडे तोंड केल्यावर जवळजवळ जागीच राहू लागली, तेव्हा कुठे या वाऱ्याची गांभीर्याने दखल घेतली गेली.

वारा पूर्वेकडेच का? विषुववृत्ताकडची हवा तापून फुगते, ध्रुवाकडची थंड हवा आकसून बसते. त्यामुळे वरच्या थरांत हवा विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे ढकलली जाते. पण विषुववृत्तावरची हवा पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असते. साठ अंशांवर जमिनीचा हाच वेग निम्मा. धावत्या गाडीतून उतरणारा माणूस जसा गाडीच्या दिशेने पुढे ओढला जातो, तशी उत्तरेकडे निघालेली हवा खालच्या जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे झुकते. हिवाळ्यात ध्रुव जास्त गार, म्हणून फरक मोठा आणि वाराही जोरदार.

आता भागाकार करून बघा. पॅसिफिकवरून १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे ताशी सरासरी १,०५५. अशी विमानं स्वतःच्या जोरावर ताशी नऊशेच्या आसपास जातात. वरचे दीडशे वाऱ्याचे. अटलांटिकवरून १३,९०० किलोमीटर साडेसोळा तासांत धरले तर ताशी ८४० च्या आसपास, कारण बराच वेळ वारा तोंडावर.

ही नदी रोज पात्र बदलते. म्हणून उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग कायमचे आखलेले नसतात. कॅनडातलं गँडर आणि स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक ही दोन केंद्रं ते दिवसातून दोनदा नव्याने ठरवतात. युरोपातून अमेरिकेला जाणारे वारा चुकवून, उलट येणारे वारा पाठीशी घेऊन. एकाच क्रमांकाचं उड्डाण काल ग्रीनलंडजवळून गेलं आणि आज कितीतरी दक्षिणेकडून, असं सर्रास होतं. ‘या दोन शहरांत विमानाला किती तास?’ याचं उत्तर तारखेगणिक बदलतं ते यामुळे.

पण तेवढ्या वेगात आवाजाची भिंत फुटत नाही?

९ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे, सियारा वादळाने जेट स्ट्रीम पेटलेली असताना, ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एका क्षणी त्याचा वेग ताशी १,३२७ किलोमीटर दिसत होता. त्या उंचीवरच्या थंड हवेत आवाज ताशी १,०६० च्या आसपास जातो. म्हणजे विमान आवाजापेक्षा वेगाने गेलं?

नाही. १,३२७ हा जमिनीच्या हिशेबाने वेग. आवाजाचा प्रश्न हवेच्या हिशेबाने असतो, आणि भोवतालची हवाच विमानाला खांद्यावर घेऊन पळत होती. हवेच्या हिशेबाने विमान नेहमीसारखंच चाललेलं. सरकत्या पट्ट्यावरच्या माणसाला तुम्ही धावपटू म्हणणार नाही, तसंच हे. आवाजाला खरंच मागे टाकणारं प्रवासी विमान म्हणजे काँकॉर्ड. ७ फेब्रुवारी १९९६ ला त्याने हाच पल्ला तीन तासांच्या आत मारला, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत.

पृथ्वी फिरतेय ना? मग विमान नुसतं हवेत थांबवा!

हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतं, आणि विचारणाऱ्याला हसू नये असं माझं मत आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर वर जाऊन थांबावं, पश्चिमेचं शहर आपोआप खाली येईल. पण पृथ्वी एकटी फिरत नाही, हवेला घेऊन फिरते. विमान धावपट्टीवर उभं असतानाच पृथ्वीबरोबर तेवढ्या वेगाने पूर्वेकडे चाललेलं असतं, आणि उडाल्यावर तो वेग कुठे जात नाही. चालत्या रेल्वेच्या डब्यात किल्ली वर फेकून झेलली तर ती हातातच पडते, मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण आडवाटेने: वर पाहिलं तसा, वाऱ्याच्या रूपाने.

जाताना गमावलं ते येताना भरून निघतं?

थोडं कमी निघतं. ५,५०० किलोमीटरचा पल्ला घ्या, साधारण लंडन-न्यूयॉर्कएवढा. विमान ताशी ९००, वारा ताशी १५०. जाताना वारा तोंडावर, वेग ७५०: लागले ७ तास २० मिनिटं. येताना वेग १,०५०: ५ तास १४ मिनिटं. एकूण १२ तास ३४ मिनिटं. वारा नसताच तर १२ तास १३ मिनिटांत दोन्ही फेऱ्या झाल्या असत्या. वारा विरुद्ध असतो तेव्हा आपण त्याच्यात जास्त वेळ काढतो, पाठीशी असतो तेव्हा कमी. म्हणून एकवीस मिनिटं बुडाली ती बुडाली. यातून सुटायचं तर एकच करता येतं, परतीचा रस्ता वेगळा घ्यायचा. जगाच्या विरुद्ध टोकांच्या शहरांना ते जमतं, लंडन-न्यूयॉर्कला नाही.

मग सरळ वेगच का वाढवत नाहीत?

१९५८ मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्क-पॅरिस धावू लागलं, तेव्हाही त्याचा वेग आजच्या विमानांच्या जवळपासच होता. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम उसळतो आणि इंधन त्या प्रमाणात पिलं जातं. काँकॉर्ड १९७६ ते २००३ एवढंच टिकलं, तेही शंभरच माणसं घेऊन.

शिवाय लांब पल्ल्यात इंधनच इंधन खातं. सिंगापूर-न्यूयॉर्क या पंधरा हजार किलोमीटरहून जास्त, अठरा तासांच्या आसपासच्या प्रवासाला वापरलं जाणारं ए३५० चं खास रूप उडताना जास्तीत जास्त २८० टनांचं असतं आणि त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं, म्हणजे सुमारे १३० टन. सुरुवातीच्या तासांत जळणाऱ्या इंधनातलं बरंचसं शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यात खर्ची पडतं. स्क्रीनवर उंचीकडे लक्ष ठेवा: लांबच्या प्रवासात विमान आधी ३१-३३ हजार फुटांवर राहतं, चार-पाच तासांनी दोन हजार फूट चढतं, मग पुन्हा. अंग हलकं होईल तसं.

तिकिटावरचे तास

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात, आणि भलेभले इथे फसतात. समजा उन्हाळ्यात विमान दिल्लीहून पहाटे ४ ला निघालं आणि १६ तास लागले. दिल्लीत रात्रीचे ८ वाजलेत. सॅन फ्रान्सिस्को तेव्हा साडेबारा तास मागे, म्हणजे तिथे त्याच दिवशीची सकाळ, साडेसात. कागदावर प्रवास साडेतीन तासांचा! परतीला हेच साडेबारा तास अंगावर येतात आणि मधला एक दिवस कुठे गेला कळत नाही. हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, भारतातली जात नाहीत, त्यामुळे फरक साडेतेरा होतो. म्हणून दोन शहरांमधला घड्याळाचा फरक प्रवासाच्या तारखेला किती, ते आधी बघावं आणि मगच वजाबाकी करावी.

वजाबाकी करून येणारा वेळही निव्वळ उडण्याचा नसतो. चाकांखालची लाकडी ठोकळी काढल्यापासून दुसऱ्या टोकाला ती पुन्हा लावेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरण्याआधी घिरट्या, हे सगळं त्यात आलं. त्यावर कंपनी थोडी उशी ठेवते, म्हणजे जरा उशीर झाला तरी वेळापत्रकात ‘वेळेवर’ असं लिहिता येतं.

याचा अनुभव मला एकदा पूर्वेकडे जाताना आला. स्क्रीनवर ताशी १,०९० चा आकडा बघून मी खूश होतो, कॅप्टननेही चाळीस मिनिटं आधी उतरतोय असं अभिमानाने सांगितलं. उतरलो. विमान एका कडेला जाऊन उभं राहिलं. आमच्या गेटवर दुसरं विमान होतं आणि ते त्याच्या वेळेलाच निघणार होतं. सगळे पट्टे सोडून, बॅगा मांडीवर घेऊन, पस्तीस मिनिटं तसेच बसून राहिलो.